एक काना जास्त

३ मार्च, सोमवार

संपादिकाबाईंनी नवं काम दिलं. मोबाइलवर व्हिडिओ दाखवणारी चार ॲप्स घ्यायची, कुठलं ॲप कुठला फॉरमॅट चालवतं आणि कुठल्यावर तोंड वाकडं करतं ते तपासायचं, आणि रविवारच्या सदरात "तुमच्या पद्धतीने" लिहायचं. माझी पद्धत म्हणजे निम्मी माहिती आणि निम्मी टवाळी. मिक्सर, गाद्या, डास मारायची यंत्रं असं करत करत बावीस वर्षं निघाली. आता सिनेमे दाखवणारी ॲप्स. विषय असे पातळ होत चाललेत की लवकरच पाण्यावर लिहावं लागेल.

ॲप्सची खरी नावं छापली की कंपन्यांचे वकील जागे होतात, म्हणून मी त्यांना माझी नावं ठेवली. पहिलं 'कारकून', कारण प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतं. दुसरं 'म्हातारा', जुनं आणि हळू, पण प्रयत्न सोडत नाही. तिसरं 'पैलवान', जाहिरातीत फार दंड थोपटतं. चौथं 'भवानी'. फुकट आहे, पण दर पाच मिनिटांनी जाहिरात अंगावर सोडते.

तपासायला अवघड फाइली हव्यात. धाकट्या बहिणीला निरोप टाकला. ती एका स्टुडिओत जुन्या टेपांवरची लग्नं आणि बारशी फाइलींत भरून देण्याचं काम करते. फॉरमॅट या विषयात घरात तिच्याइतकं कुणाला कळत नाही, मला तर मुळीच नाही. तिचं उत्तर आलं: "फाइली आहेत. बुधवारी ये. परवा पुन्हा पाडले. हात गळ्यात आहे."

मी उलट लिहिलं की 'पाडले' नव्हे, 'पडले'. एक काना जास्त पडलाय.

ती म्हणाली, "हो. जास्तच पडलाय."

पडल्याचं मला आधीच माहीत होतं. शनिवारी मेहुण्यांचा फोन आला होता. मेहुणे ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. असा शांत माणूस मी पाहिला नाही. शिकणारा गाडी भिंतीवर घालत असला तरी यांचा आवाज वर चढत नाही. हसत म्हणाले, "दादा, तुमची धडपडी पुन्हा पडली. घ्या, लेखाला विषय." आम्ही दोघं बराच वेळ हसलो.

धडपडी हे तिचं लहानपणापासूनचं नाव, मीच ठेवलेलं. सदरात ती वर्षातून चार-पाच वेळा येते. वाचकांना माझ्यापेक्षा तीच जास्त आवडते, असं संपादिकाबाईंचं मत आहे.

५ मार्च, बुधवार

धडपडीकडे जाऊन आलो. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या डोळ्याखाली पिवळट डाग. स्टुलावरून पडली म्हणाली. मी विचारलं, स्टूल कुठल्या कंपनीचं, तुलना करून टाकू. ती हसली नाही. वयाबरोबर माणसाची विनोदबुद्धी कमी होते, याचं घरातलंच उदाहरण.

तिने मेमरी कार्ड दिलं. नखाएवढं, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात घालून. त्यात चार फाइली आहेत आणि नावं म्हणजे नुसते आकडे: १००८, ०९११, ११०१, ०१०३. तंत्रज्ञ लोकांना धड नाव सुचेल तर शपथ. म्हणाली, चित्र एका पद्धतीने बांधलंय आणि आवाज दुसऱ्या, त्यामुळे साध्या फोनवर या उघडतच नाहीत. "मुद्दाम अशा केल्या का?" तर म्हणाली, मुद्दामच. आमच्या घरातल्या एकाही फोनवर लागत नाहीत, तपासून घेतलंय.

कामातली चोखता म्हणजे अशी. मी मनापासून शाबासकी दिली.

निघताना तिने डाव्या हाताने माझी बाही धरली. "दादा, चारही प्लेअरमध्ये लाव. एकात नाही लागली म्हणून सोडून देऊ नको. आणि शेवटपर्यंत बघ."

मी म्हटलं, तुझी लग्नाची टेप असेल तर शेवट मला माहीत आहे.

तेवढ्यात मेहुणे आले. त्यांनी नेहमीप्रमाणे तिचा फोन टेबलावरून उचलला, बोट फिरवत पाहिला, ठेवला. मला चहाचा आग्रह केला. हातात गाडीच्या स्टिअरिंगला लावतात तो लोखंडी लॉक होता, तो त्यांनी दाराआड नीट उभा करून ठेवला. वस्तू जागच्या जागी ठेवणारा माणूस. मला स्वतःचा चष्मा सापडत नाही.

घरी आल्यावर बायकोने हाताबद्दल बारीक चौकशी केली. बायको इस्पितळात एक्स-रे काढते. सव्वीस वर्षं लोकांना 'श्वास रोखून धरा' म्हणून म्हणून घरीही ती बोलली की माझा श्वास आपोआप थांबतो. ती म्हणाली, "पडताना माणूस तळहात टेकतो. मोडलं तर मनगट मोडतं. हिचा हात बाहेरच्या कडेने, मधोमध मोडलाय."

मी म्हटलं, धडपडी आहे ती, पडण्यातही वेगळेपण असतं.

बायको म्हणाली, "तू लिही बाबा तुझं." आणि दिवा तसाच चालू ठेवून खोलीतून गेली.

७ मार्च, शुक्रवार

चाचणीला सुरुवात. फाइल ०१०३.

कारकून: "हा फॉरमॅट चालत नाही." एवढंच. कारण नाही, पर्याय नाही, दिलगिरी नाही. दुपारच्या जेवणानंतरची सरकारी खिडकी जशी.

म्हातारा: फाइल उघडली, चित्र काळंकुट्ट, आवाज मात्र स्वच्छ. ऐकून गंमत वाटली. मेहुण्यांचा आवाज आहे. घरातलंच काहीतरी चित्रीकरण दिसतंय. "हात खाली," असं म्हणतात. मग धप्प. "खाली. घाई नको." पुन्हा धप्प. मध्ये धडपडीचं काहीतरी अस्पष्ट. बहुधा गादी झटकायला शिकवतायत. तोच शिकवणीतला स्वर, 'क्लच हळू सोडा' वाला. बायकोला गादी झटकायचेही धडे देणारा माणूस विरळा. मला आमच्या घरातली गादी कुठे असते तेही विचारावं लागतं.

दोन मिनिटं ऐकून बंद केलं. प्रत्येक ॲपला दोन मिनिटं, असा माझा नियम आहे. शेवटपर्यंत बघत बसलो तर लेख पुढच्या वर्षी येईल.

म्हाताऱ्याला दहापैकी पाच. 'डोळे गेले, कान शाबूत' असं लिहावं. वाक्य बरं आहे.

८ मार्च, शनिवार

पैलवान: याने उलटं केलं. आवाज अजिबात नाही, चित्र मात्र आलं. म्हणजे आलं असं म्हणायचं. वरचे दोन तृतीयांश हिरव्या चौकोनांनी भरलेले, जणू शेवाळ चढलंय. खाली थोडी फरशी आणि पाय. दोन जोड्या. एक अनवाणी, एक चपला घातलेली. अनवाणी जोडी मागे सरकते, चपलांची पुढे येते. मग अनवाणी जोडी भिंतीपाशी थांबते, टाचा उचलते, डावीकडे जाते. चपला डावीकडे.

मग डोक्यात प्रकाश पडला. गादीबिदी काही नाही. नाच. 'हात खाली', 'घाई नको', आणि ही पावलं. आमचे मेहुणे या वयात बायकोला नाच शिकवतायत, आणि धडपडी लाजून कुणाला सांगत नाही. म्हणून फाइल घरात कुठल्या फोनवर लागू नये अशी केली. आता सगळा उलगडा झाला. पडली कशी, तेही कळलं.

स्वतःवर इतका खूश झालो की दुपारी एक डुलकी जास्त काढली.

उद्या धडपडीकडे जेवायला बोलावलंय.

९ मार्च, रविवार

दिवस ठीक गेला, शेवट जरा विचित्र.

जेवताना मी नाचाची बातमी फोडली. मनात ठेवणं मला कधी जमलं नाही. म्हटलं, मेहुणे, तुमचं गुपित कळलं आम्हाला, काल तुमची पावलं पाहिली. डोकी दिसली नाहीत, पण टाचा काय उचलता हो.

धडपडीच्या हातातलं ताट खाली पडलं. मी आणि मेहुणे एका सुरात म्हणालो, "धडपडी." आणि हसलो. मेहुणे माझ्यापेक्षा जास्त वेळ हसले. मग रुमालाने ओठ टिपून त्यांनी विचारलं, "कुठे पाहिलीत दादा?"

मी सगळं सांगितलं. कार्ड, चार फाइली, हिरवे चौकोन, म्हाताऱ्याने ऐकवलेला त्यांचा आवाज. ते फार लक्ष देऊन ऐकत होते. हल्ली तांत्रिक विषय इतक्या आस्थेने कुणी ऐकत नाही. कुठल्या ॲपमध्ये पूर्ण दिसतं, असंही विचारलं. म्हटलं, भवानी उरलीय, तिच्यात उद्या बघणार. ते म्हणाले कार्ड जरा हवं होतं, नाच कसा दिसतो ते मलाही बघायचंय. मी म्हटलं, उद्या तपासून झालं की दुपारी आणून देतो.

बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी 'सॉरी' म्हटलं.

धडपडी फरशी पुसत होती, एका हाताने. बायको तिला म्हणाली, चार दिवस आमच्याकडे चल, हात बरा होईपर्यंत. धडपडी काही बोलण्याआधी मेहुणे म्हणाले, माझं माणूस मी सांभाळेन वहिनी. मला ते फार आवडलं. बायकोला म्हटलंही परत येताना. ती खिडकीतून बाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने कुलूप काढलं. मग म्हणाली, "तुला चार फाइलींची नावं आठवतात?"

मी म्हटलं, आकडे आहेत नुसते.

"बघ जरा ते आकडे," म्हणाली. कोड्यात बोलायची तिची जुनी खोड.

१६ मार्च, रविवार

डाव्या हाताने लिहितोय. एवढं पान भरायला तीन दिवस लागले. अक्षर पहिलीतल्या मुलाचं दिसतंय, आणि अक्कल त्याच्याही खालची होती.

सोमवार, १० तारीख. सकाळी अकरा वाजता भवानीत ०१०३ लावली. आवाज आला, चित्र आलं, काही तुटलं नाही. दहापैकी दहा.

कॅमेरा कपाटावर असावा. खोली वरून दिसते. धडपडी भिंतीला टेकून उभी, दोन्ही हात डोक्यावर. मेहुणे समोर. "हात खाली," ते म्हणतात, आणि ती हात खाली घेते. मग ते तिच्या कानाखाली मारतात, सगळ्या खांद्याची ताकद लावून, आणि तिचं डोकं भिंतीवर आपटतं. तो धप्प. हात आपोआप पुन्हा वर जातात. "खाली. घाई नको." ती खाली घेते. पुन्हा. ती सरकते, ते तिच्या मागोमाग जातात. ती टाचा उचलते, कारण त्यांनी तिला केसांना धरून वर ओढलंय.

इथे भवानीने जाहिरात लावली. गादीची. एक बाई उडी मारून गादीवर पडते आणि म्हणते, पडा, बिनधास्त पडा. पाच, चार, तीन, दोन, एक. वगळा.

परत आलो तेव्हा मेहुण्यांच्या हातात तो लोखंडी लॉक होता. तिने हात डोक्यावर घेतला. ओली फांदी मोडते तसा आवाज झाला. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती खाली बसली. ते म्हणाले, "बघ, वर घेतलास म्हणून मोडला." समजावून सांगण्याच्या सुरात. मग त्यांनी लॉक रुमालाने पुसला, दाराआड उभा केला, पाणी प्यायले, खुर्चीवर बसले.

माझी दोन मिनिटं केव्हाच संपली होती. तिने सांगितलं होतं, शेवटपर्यंत बघ.

त्यांनी फोन काढला, स्पीकरवर ठेवला. घंटी वाजली. कुणीतरी उचलला. ते म्हणाले, "दादा, तुमची धडपडी पुन्हा पडली. घ्या, लेखाला विषय."

आणि माझा आवाज आला. स्वच्छ, कुठेही न तुटता. "या वेळी काय? जिना की स्टूल?" आणि माझं हसणं. मी इतका वेळ हसतो हे मला माहीत नव्हतं. धडपडी फरशीवर बसून मोडका हात मांडीत घेऊन माझं हसणं ऐकत होती. एकदा तिने मान वर केली आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं.

मग मी आकडे बघितले. ०१०३ म्हणजे एक मार्च. ११०१ म्हणजे अकरा जानेवारी. एकोणीस जानेवारीच्या रविवारी माझं सदर, 'धडपडी आणि निसरडी मोरी'. ०९११, नऊ नोव्हेंबर. सतरा तारखेला 'जिन्याच्या पायऱ्या मोजा'. १००८ चं तर शीर्षकच मला फार आवडलं होतं, 'दाराशी हुज्जत'. तेव्हा तिचे दोन दात गेले होते. मी लिहिलं होतं की दार जिंकलं.

तिला फोन लावला. बंद. बायकोला इस्पितळात लावला. मला वाटतं मी नीट बोललो नसेन, पण तिने एकदाच विचारलं, पाहिलंस? मग म्हणाली, मी पोलीस घेऊन येते, तू आधी पोच, आणि दारात बोलत उभा राहू नको.

मी दारात बोलत उभा राहिलो. मेहुण्यांनी दार उघडलं, बाह्या दुमडलेल्या, हात कोपरापर्यंत ओले. "या दादा. कार्ड आणलंत? अहो, ती पडली पुन्हा. मोरीत." मी विचारलं, कशी? बावीस वर्षांची सवय.

मग ढकलून आत गेलो. घरातली प्रत्येक पेटी, प्रत्येक डबा उपडा होता. दुसरं कार्ड आहे का ते शोधत असावेत. ती मोरीत आडवी. पाण्याचा नळ चालू, पाणी गुलाबी. डाव्या कानातून रक्त, ओठ फाटून हनुवटीवर लोंबलेला. डोळे उघडे. मला बघून तिने मान नाही-नाही अशी हलवली, जा म्हणून.

आयुष्यात पहिल्यांदा कुणाला मारायला हात उचलला, तो कपाटाच्या दाराला लागला. दुसऱ्यांदा उचलला. मेहुणे म्हणाले, "हात खाली, दादा."

दुसरीकडे कुठे कबूल करणार नाही म्हणून इथे लिहून ठेवतो. हात खाली गेला. मी त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा, वीस किलोंनी जड, आणि माझा हात खाली गेला. मग त्यांनी मारलं. पहिल्या फटक्याला चष्मा, दुसऱ्याला पुढचा दात. तिसऱ्याला मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलो. ते घाई करत नव्हते. दाराआडून लॉक आणायला गेले आणि येताना वाटेतली पालथी खुर्ची उचलून सरळ ठेवली. लॉक वर गेला तेव्हा मी हात डोक्यावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज आधी कानात येतो आणि मग हातात.

दुसऱ्यांदा लॉक वर गेला आणि खाली आला नाही. धडपडी मोरीतून सरपटत माझ्या पाठीमागून आली होती. तिने प्लास्टरचा हात दोन्ही खांद्यांच्या जोराने फिरवला आणि त्यांच्या गुडघ्याच्या वाटीवर मारला. त्यांचं तोंड उघडं राहिलं. ते पुढे कोसळले आणि जबडा उंबऱ्यावर आपटला, माझ्या मांडीपासून वितभर. ती त्यांच्या पाठीवर चढली आणि मारत राहिली. मानेवर, कानावर, पुन्हा कानावर. प्लास्टरचे तुकडे उडत होते. मोडक्या हाताने मारत होती, प्रत्येक फटक्याला स्वतःच कण्हत होती. मी थांबवलं नाही. डावा हात मोकळा होता माझा. थांबवू शकलो असतो.

पोलीस आणि बायको आले तेव्हा प्लास्टर संपलं होतं आणि ती नुसत्या सुजलेल्या हाताने मारत होती. बायकोने तो हात दोन्ही तळव्यांत धरला आणि म्हणाली, "बास. श्वास घे आता. सोड." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी तिला 'सोड' म्हणताना ऐकलं.

१९ मार्च, बुधवार

मेहुणे जिवंत आहेत. जबडा तारेने बांधलाय, एक कान गेला. पाटीवर लिहून जबाब दिला: दादांनी आणि तिने मिळून मारलं, बाई पडत असते, पुरावा देतो. पुरावा म्हणून त्यांच्या टेबलाच्या खणातून माझी चार सदरं निघाली. कापून, तारखा घालून, प्लास्टिकच्या पिशव्यांत. यातलं नोव्हेंबरचं ते डॉक्टरलाही दाखवून झालं होतं. आणि एकदा चौकीतही. धडपडी जानेवारीत तक्रार द्यायला गेली होती, हे मला आज कळलं. तिथे यांनी हसत कात्रण पुढे केलं होतं, की बघा, हिचा सख्खा भाऊच लिहितो.

ठाण्यातल्या अधिकारी बाईंनी माझं सदर मला मोठ्याने वाचून दाखवलं. माझं लिखाण इतकं सपाट आवाजात कुणी वाचलेलं नाही. एकही विनोद उभा राहिला नाही. मग त्यांनी कार्ड संगणकात घातलं. पडद्यावर पाटी आली, हा फॉरमॅट चालत नाही. तज्ज्ञांकडे पाठवू, दोन-तीन महिने लागतील, म्हणाल्या. तोवर तुमचे मेहुणे जामिनावर घरी.

मी म्हटलं, बाई, फोनवर अमुक ॲप टाका. पैलवान नको, आवाज देत नाही. म्हातारा नको, त्याला दिसत नाही. हे टाका, जाहिराती सोसा.

गादीवाली बाई उडी मारून पडली तेव्हा आम्ही दोघंही पडद्याकडे बघत होतो. पाच, चार, तीन. माझं हसणं आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांचा आभारी आहे. चारही फाइली संपल्यावर म्हणाल्या, जामिनाला विरोध करते. "पण ही कात्रणं त्यांचा वकील कोर्टात वाचणार. ती पडते असं चार वेळा तुम्हीच छापलंय. त्याचं काय करता बोला."

२२ मार्च, शनिवार

बायकोने दोन एक्स-रे उजेडाच्या काचेवर शेजारी-शेजारी लावले. एक धडपडीचा, एक माझा. सारख्याच जागी, बाहेरच्या कडेने, मधोमध. "हात वर केल्यावर हा असाच मोडतो," ती म्हणाली. तिला ऑगस्टपासून संशय होता. धडपडीला विचारलं तेव्हा तिने शपथ घालून सांगितलं होतं की दादाला कळू देऊ नको.

मी विचारलं, का?

बायको काच विझवत म्हणाली, "तू त्यावर लिहिशील म्हणून."

२३ मार्च, रविवार

संपादिकाबाईंना सांगितलं की ॲप्सची तुलना येणार नाही. त्या जागी शुद्धिपत्र छापा. गेल्या वर्षी माझ्या लेखातला एक काना गाळला म्हणून मी मुद्रितशोधकाला तासभर झापलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. विचारलं, किती मोठं? म्हटलं, चारच ओळी. प्रत्येकीत एक काना.

लिहून इस्पितळात घेऊन गेलो. धडपडीला डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून उजवीकडे बसलो. मला एक विनोद सुचला होता, तो गिळला. दात गेलेल्या जागेतून अशा गोष्टी सहज आत जातात.

कागद तिच्यासमोर धरला. डाव्या हाताचं अक्षर, ओळी तिरक्या.

शुद्धिपत्र. या सदरात खालील चुका झाल्या. लेखक जबाबदार आहे.
१८ ऑगस्ट, 'दारावर पडली' असे छापले, ते 'दारावर पाडली' असे वाचावे.
१७ नोव्हेंबर, 'जिन्यावरून पडली' असे छापले, ते 'जिन्यावरून पाडली' असे वाचावे.
१९ जानेवारी, 'मोरीत पडली' असे छापले, ते 'मोरीत पाडली' असे वाचावे.
९ मार्च, 'स्टुलावरून पडली' असे छापले, ते मुळातून काढून टाकावे. स्टूल नव्हते. तिला पडली.

तिने सावकाश वाचलं. ओठाला टाके आहेत, त्यामुळे बोलताना शब्द अर्धे येतात. नऊ मार्चला पण लिहिलंस? तिने विचारलं. मी मान हलवली. त्या रविवारी सकाळी अंकात आलं होतं, तिच्या घरी जेवायला गेलो तेव्हा मेहुण्यांच्या टेबलावर होतं. ही गोष्ट मी या वहीतही लिहिली नव्हती.

ती पुन्हा शेवटच्या ओळीकडे वळली. बोट ठेवलं.

"इथे राहिला," ती म्हणाली.

मी बघितलं. 'तिला पडली.' इतक्या वर्षांचं वळण, हात बदलला तरी जात नाही. मी पेन काढायला खिसे चाचपू लागलो, एका हाताने जमेना.

तिने पेन माझ्या खिशातून काढून घेतलं. उजवा हात नव्या प्लास्टरमध्ये, म्हणून तिनेही डाव्यातच धरलं. कागद मी गुडघ्यावर दाबून धरला. मग तिने 'प'च्या शेजारी वरून खालपर्यंत एक रेघ ओढली, इतक्या जोराने की कागद फाटला.